जुन्या काचेच्या बाटलीचे वय कसे ओळखाल?

- प्रतिनिधी, नवी मुंबई

पावसाळ्यात डोंगरउतारावरची माती धुपली की तिच्याखाली वर्षानुवर्षे दडलेल्या वस्तू उघड्या पडतात. खारघरचे डोंगर, पारसिकची रांग, बेलापूर किल्ल्याभोवतीचे रान किंवा पनवेल-उरण परिसरातील जुन्या वाटा तुडवणाऱ्या भटक्यांच्या नजरेस अशा वेळी एखादी काचेची बाटली पडते. काच कुजत नाही आणि गंजत नाही. त्यामुळे ती वापरणाऱ्या माणसांची नावनिशाणी उरली नसली तरी बाटली शाबूत राहते. मग ती 'इंग्रजांच्या वेळची' की त्याहून जुनी, अशी चर्चा सुरू होते.

वस्तुतः बाटलीचे वय ठरवण्यासाठी काही निश्चित खुणा उपलब्ध आहेत. तथापि, एकाच खुणेवर विसंबून काढलेला निष्कर्ष बहुधा फसतो. शिवाय युरोप-अमेरिकेतील बाटल्यांसाठी तयार झालेली कोष्टके आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. म्हणूनच या खुणा आपल्या परिसराच्या इतिहासाशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते.

'नव्या' शहराखालची जुनी वस्ती

नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. परंतु ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, ती गावे पुरातन आहेत. पनवेल हे खाडीवरचे जुने बंदर होय. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाल्यानंतर मुंबईहून होडीने पनवेलला उतरायचे आणि तेथून घाट चढून पुण्याकडे जायचे, हा प्रवासाचा रिवाज होता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि या वाटेचे महत्त्व ओसरले. उरणमध्ये एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणावर होत्या. एमआयडीसीची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक व औषधी कारखाने आले. प्रवासी, भट्ट्या आणि कारखाने या तिन्हींनी आपापल्या काळातील बाटल्या मागे टाकल्या असणे स्वाभाविक आहे.

सांध्याची रेघ

बाटली हाती आली की प्रथम तिच्या अंगावरील साच्याच्या सांध्याची उभी रेघ शोधावी. जुन्या पद्धतीत कारागीर फुंकनळीने तप्त काच साच्यात फुगवीत असे आणि बाटलीचे तोंड मागाहून अवजाराने घडवीत असे. त्यामुळे सांध्याची रेघ मानेवर किंवा तोंडाच्या खालीच विरून जाते. १९०३च्या सुमारास अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी पूर्णपणे स्वयंचलित यंत्र यशस्वी केले. यंत्रात बाटलीचे तोंडही साच्यातच घडते, म्हणून रेघ थेट ओठाच्या कडेपर्यंत जाते.

रेघ अजिबात नसेल तर बाटली साच्याविना फुगवलेली असू शकते. परंतु साच्यात फुगवताना ती गोल फिरवली असल्यासही रेघ पुसली जाते. अशा वेळी अंगावर बारीक आडवे ओरखडे दिसतात. आपल्याकडील आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. भारतातील लहान कारखान्यांत हाताने किंवा अर्धयंत्राने बाटल्या घडवणे विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालू राहिले. त्यामुळे रेघ तोंडाखाली संपते, एवढ्यावरून बाटली एकोणिसाव्या शतकातील ठरत नाही.

तळ, तोंड आणि बूच

तळाच्या मध्यभागी खडबडीत, तुटल्यासारखा व्रण असल्यास ती खूण महत्त्वाची. तोंड घडवताना बाटली धरण्यासाठी तळाला दांडा चिकटवीत आणि तो तोडून काढल्यावर हा व्रण उरे. युरोप-अमेरिकेत १८६०च्या आसपास दांड्याऐवजी चिमटा रूढ झाला आणि साध्या बाटल्यांवरून हा व्रण नाहीसा होत गेला. याउलट तळावर किंचित एका बाजूला सरकलेले वर्तुळाकार व्रण असेल, तर ती ओवेन्स यंत्राची ओळख होय.

तोंडाचा आकार बुचाचा प्रकार सांगतो. लाकडी बुचासाठी आतून गुळगुळीत, बाहेरून जाड ओठ असे. दातेरी कडांच्या पत्र्याच्या झाकणाचे पेटंट विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये मिळवले. अर्थात त्या झाकणासाठी बनलेली बाटली त्यापूर्वीची असू शकत नाही. आट्यांचे फिरकीचे झाकण पहिल्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आले. काचेवर रंगाने भाजून काढलेली नावे मात्र १९३०च्या दशकापासूनची.

गोटी सोड्याची बाटली

आपल्याकडे सर्वाधिक कुतूहल असते ते गोटी सोड्याच्या बाटलीचे. ब्रिटिश अभियंता हायरम कॉड यांनी ही बाटली १८७०च्या दशकाच्या आरंभी विकसित केली. मानेत अडकलेली काचेची गोटी वायूच्या दाबाने वर येते आणि रबरी कड्यावर बसून तोंड बंद करते. त्याआधी सोडावॉटर टोकदार तळाच्या, आडव्या ठेवाव्या लागणाऱ्या बाटलीत मिळे. आडवी ठेवल्याने बूच ओले राहून घट्ट बसे. अशी टोकदार बाटली आढळल्यास ती जतन करण्याजोगी समजावी.

मुंबई-पुण्यात सोड्याचा धंदा प्रामुख्याने पारशी उद्योजकांनी वाढवला. पुण्याची 'अर्देशीर' ही कंपनी १८८४ची, तर मुंबईत दिनशॉजी पंडोल यांनी 'ड्यूक्स'चा प्रारंभ १८८९ मध्ये केला. बाटलीवर उठावाच्या अक्षरांत कंपनीचे नाव असेल तर तिच्या स्थापनेच्या वर्षापूर्वीचा काळ आपोआप बाद होतो. मात्र केवळ आकारावरून गोटीच्या बाटलीचे वय ठरवू नये. ती भारतात आजही तयार होते, आणि २०२५ मध्ये 'गोली पॉप सोडा' या नावाने हे पेय परदेशी निर्यात होत असल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. गोटी काढून घेण्यासाठी मुले या बाटल्या फोडीत, त्यामुळे जुनी अखंड बाटली मिळणे दुर्मीळच.

रंग फसवा असतो

वाळूतील लोहांशामुळे काच हिरवट-निळसर होते. हा रंग प्राचीनतेचा पुरावा नव्हे, कारण हलक्या प्रतीच्या काचेत तो अगदी अलीकडेही आढळतो. काच पांढरी दिसावी म्हणून पूर्वी तीत मँगनीज घालीत. अशी काच दीर्घकाळ उन्हात राहिली की जांभळट होते. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मागे पडली. गडद निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या लहान बाटल्या बहुधा विषारी द्रव्यांच्या असत. अंधारातही बोटांना विष ओळखू यावे, हा त्या कंगोऱ्यांमागील हेतू होता. ओल्या मातीत राहिलेल्या काचेवर इंद्रधनुषी पापुद्रे येतात. ते मातीच्या गुणधर्मावर अवलंबून असल्याने त्यांवरून वर्षे मोजता येत नाहीत.

अक्षरे आणि अंक

भारतीय बाटलीच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे तिच्यावरील मजकूर. पुढील वर्षे टिपून ठेवण्याजोगी आहेत.

- माप औंसांत असल्यास बाटली बहुधा दशमान पद्धतीपूर्वीची. वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. परदेशी औषधांच्या बाटल्यांवर मात्र त्याआधीही मिलिलिटर आढळते.
- किंमत आण्यांत असल्यास ती १ एप्रिल १९५७ पूर्वीची मानण्यास हरकत नाही. 'नये पैसे' असा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळाकडे बोट दाखवतो.
- सरबत, मुरंबा यांच्या वेष्टनावर 'एफपीओ' परवाना क्रमांक असल्यास बाटली १९५५ नंतरची.
- पत्त्यात सहा अंकी पिनकोड असल्यास ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.
- 'बॉम्बे'ऐवजी इंग्रजीतही 'मुंबई' असे लिहिले असल्यास ती बहुधा १९९५ नंतरची.

शीतपेयांची नावेही उपयोगी पडतात. 'थम्स अप' १९७७ मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी कोका-कोला कंपनीने भारत सोडला आणि ती १९९३ मध्ये परतली. तिची मधल्या काळातील भारतीय बाटली मिळणार नाही.

महाराष्ट्रातील कारखान्यांचाही विचार करावा. पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगाव येथे १९०८ मध्ये काचकारखाना उभा राहिला, तर कराडजवळ ओगलेवाडीचा कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला. स्वदेशीच्या चळवळीने या उद्योगाला बळ दिले. म्हणजे विसाव्या शतकातील प्रत्येक जुनी बाटली विलायतेहूनच आली असेल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

घडण्याचे वर्ष आणि टाकण्याचे वर्ष

येथे सर्वांत मोठी चूक संभवते. वरील सर्व खुणा बाटली कधी घडली ते सांगतात, ती रानात कधी पडली ते सांगत नाहीत. आपल्याकडे रिकामी बाटली टाकून देण्याची रीत नव्हती. रॉकेल, खोबरेल, दवाखान्यातील मिश्रण, गावठी दारू असे एकामागून एक तिचे उपयोग होत. जुन्या बाटल्यांच्या व्यापारावरून 'बाटलीवाला' हे आडनावही रूढ झाले. त्यामुळे १९०० मध्ये घडलेली बाटली १९४० मध्ये टाकली गेली असेल, हे सहज शक्य आहे. बाटलीवरून त्या जागेचा काळ ठरवताना 'या वर्षानंतर' एवढेच म्हणता येते, 'या वर्षी' असे नव्हे.

म्हणूनच बाटली कोठे पडली होती, किती खोल होती, तिच्यासोबत खापरे, नाणे वा कौल होते काय, ही माहिती बाटलीइतकीच मोलाची असते. उचलून घरी आणलेली बाटली शोभेची वस्तू होते, परंतु त्या जागेविषयीची तिची साक्ष कायमची पुसली जाते.

सावधगिरी आणि कायदा

बंद बाटली कदापि उघडू नये, तिचा वास घेऊ नये. औद्योगिक पट्ट्यालगतच्या डोंगरात सापडणाऱ्या तपकिरी बाटल्यांत घातक रसायन असू शकते. तसे वाटल्यास हात न लावता पोलीस किंवा अग्निशमन दलाला कळवावे. फुटक्या काचा आणि दगडांखालचे साप-विंचू यांचाही धोका असतोच.

राखीव जंगलात जमीन खोदण्यास भारतीय वन कायदा, १९२७ अन्वये मनाई आहे. कर्नाळा हे अभयारण्य असल्याने तेथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील निर्बंधही लागू होतात. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीविना उत्खनन करणे हा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्यानुसार 'पुरावस्तू' ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

तेव्हा उत्तम मार्ग हाच, की बाटली जागेवरच असताना शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. अंग, मान, ओठ, तळ आणि अक्षरे प्रत्येकी वेगळी टिपावीत, जागा व दिनांक लिहून ठेवावा आणि वस्तू जुनी वाटल्यास राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. लेबलाचा तुकडा शिल्लक असेल तर तो धुऊ नये. कधी कधी वर्ष सांगणारा एकमेव मजकूर त्या ओल्या कागदावरच असतो.