गांज्याचा पोतदार

परवा लंच टेबलावर विषय निघाला. एक मित्र म्हणाला, "गॅलरीत एक कुंडी लावली तर काय होईल रे?" दुसरा म्हणाला, "दहा वर्षं आत जाशील." (खरंय. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, वर एक लाखापर्यंत दंड.) पहिल्याचं उत्तर, "पण त्यात कष्ट काय, तण आहे ते. बी टाकलं की येतं!"

ते "तण" डोक्यातून जाईना. म्हणून विकांताला १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल उघडून बसलो. ब्रिटिश संसदेत विल्यम केन नावाच्या खासदाराने प्रश्न विचारला आणि त्यातून हे कमिशन नेमलं गेलं. सात सदस्य, ११९३ साक्षीदार, तीन हजारांहून जास्त पानं. वाचता वाचता मित्राचं म्हणणं किती चुकीचं आहे ते कळत गेलं. भांगेचं झाड रानात आपोआप येतं हे खरं, पण गांजा तसा येत नाही.

तेव्हा गांज्याचं मोठं केंद्र म्हणजे बंगालमधलं नौगाव, आता बांगलादेशात. मध्य प्रांतात खांडवा आणि आपल्या मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर जिल्हा (आताचं अहिल्यानगर). नौगावच्या शेतकऱ्याला सुरुवात करायची तर आधी सरकारी परवाना. मग उंचावरची, सावली नसलेली जमीन महिनोन् महिने नांगरायची, शेणखत आणि पेंड घालायची. ऑगस्टच्या सुमारास वाफ्यात रोपं करायची, नंतर ती शेतात लावायची आणि पीक हाती येणार थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेही सरकारी नजरेखाली वजन करून गोदामात जमा करायचं आणि परवानेवाल्या व्यापाऱ्यालाच विकायचं. तण म्हणे!

पण खरी गंमत यात नाही. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. गांजा म्हणजे मादीचे राळेने चिकट झालेले तुरे. एखाद्या नराचे पराग वाऱ्यावर उडाले की तुऱ्यांत बिया धरतात आणि माल कवडीमोल होतो. तुमचाच नव्हे, शेजाऱ्याचाही. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणजे फुलं उमलायच्या आत प्रत्येक नर ओळखून काढायला हवा, आणि त्या वयात दोन्ही झाडं जवळपास सारखीच दिसतात.

हे काम शेतकरी स्वतःच्या भरवशावर करत नसे. नोव्हेंबरच्या सुमारास तो पोद्दाराला बोलवायचा. इंग्रज या माणसाला "गांजा डॉक्टर" म्हणत. तो ओळीओळीतून फिरत नर हेरायचा आणि मोडायचा. पुढे उशिरा उगवणारे नर शोधत शेतकरी पुन्हा पुन्हा शेत पालथं घालायचा. पोद्दार म्हणजे आपल्या पोतदाराचाच भाऊ. मराठी राज्यात खजिन्यात आलेलं नाणं खरं की खोटं हे पारखायचा तो पोतदार. तिथे नाणी, इथे झाडं. नाव कुणी दिलं असेल कोण जाणे, पण चपखल दिलं.

सोपं वाटत असेल तर युरोपचं बघा. इंग्लंडात तागासारखे धागे काढायला हेच झाड शतकानुशतकं लावत. तिथले शेतकरी दणकट, बिया धरणाऱ्या झाडाला "कार्ल" म्हणजे पुरुष म्हणत आणि नाजूक नराला "फिंबल", म्हणजे चक्क मादी! धाग्यासाठी ते चालून गेलं. नौगावात असा घोळ परवडला नसता.

हेमचंद्र कर यांनी १८७७ मध्ये आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी १८९३ मध्ये नौगावच्या या शेतीवर सविस्तर अहवाल लिहिले. कमिशनने तर सरसकट बंदी नकोच म्हटलं. माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, तेव्हा कर लावा, परवाने द्या आणि लागवड मोजक्या ठिकाणी एकवटा, असा त्यांचा सल्ला. (महसूलही बुडत नाही. साहेब हिशेबाला पक्का.) १९१७ मध्ये नौगावच्या शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. फाळणीत नौगाव पूर्व पाकिस्तानात गेलं तरी शेती चालूच राहिली. १९८७ मध्ये बांगलादेशने लागवड बंद केली.

अहवालांत जमीन, खत, वजन, कर सगळं नोंदलेलं आहे. पण पोद्दाराला नेमकं काय दिसायचं, ते तो बापाकडून पोराला शेतात उभं राहूनच शिकवत असणार. १९८७ नंतरच्या नोव्हेंबरात त्याला बोलवायला कुणी आलं नाही.