वैद्यक-स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय संघ : मूळ आणि साधनें

इ. स. १९१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं निरनिराळ्या राष्ट्रांतील स्त्री-डॉक्टरांची परिषद भरली व तिच्या अखेरीस मेडिकल विमेन्स इंटरनॅशनल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. स्त्री-डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा आरंभ सामान्यतः या प्रसंगापासून मोजण्यांत येतो. स्थापनेपुरता हा काल निर्विवाद आहे. परंतु संस्थेची स्थापना व संस्थेचें मूळ या दोन भिन्न गोष्टी होत. मूळाचा शोध करूं गेल्यास तो आपणांस चौतीस वर्षें मागें, फिलाडेल्फिया येथील एका छायाचित्रापाशीं नेऊन पोंचवितो. आणि त्या छायाचित्रांत एक महाराष्ट्रीय स्त्री आहे. यास्तव या विषयाचा परामर्श प्रस्तुत लेखांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम स्थापनेची हकीकत. ही परिषद यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेनें बोलाविली होती व ती सुमारें सहा आठवडे चालली. तिचें कार्यवृत्त १९२० सालीं सहा भागांत छापून निघालें. नव्या संघाच्या पहिल्या अध्यक्षा डॉ. एस्थर पोल लव्हजॉय या ओरेगन प्रांतांतील असून, त्यांनीं पूर्वीं पोर्टलंड शहराचें आरोग्याधिकारीपद भूषविलें होतें. त्यांच्यामागून इंग्लंडच्या लेडी फ्लॉरेन्स बॅरेट व नंतर फ्रान्सच्या डॉ. लुईज त्युइये-लांद्री अध्यक्ष झाल्या. संघाच्या बैठकी जिनीव्हा (१९२२), लंडन (१९२४), पॅरिस (१९२९), स्टॉकहोम (१९३४) व एडिंबरो (१९३७) येथें भरल्या. दुसऱ्या महायुद्धामुळें पडलेला खंड १९४७ सालीं ॲम्स्टरडॅमच्या बैठकीनें भरून निघाला. मातेच्या अंतःकरणानें त्या रोग बऱ्या करितात, या अर्थाचें लॅटिन ब्रीद संघानें घेतलें आहे.

आतां १९१९ हेंच साल कां, याचें कारण पहिल्या महायुद्धांत सांपडतें. इ. स. १९१४ त स्कॉटलंडच्या डॉ. एल्सी इंग्लिस यांनीं जखमी सैनिकांकरितां रुग्णालयें उभारण्याची तयारी दाखविली असतां ब्रिटिश युद्धखात्यानें ती नाकारली. तेव्हां त्यांनीं स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स ही संस्था काढून फ्रान्स, सर्बिया इत्यादि मित्रराष्ट्रांस साह्य केलें. अमेरिकेंतहि लष्करानें स्त्री-डॉक्टरांस अधिकारपत्रें देण्याचें नाकारल्यावर, १९१५ सालीं निघालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघानें १९१७ त अमेरिकन विमेन्स हॉस्पिटल्स ही शाखा काढली. ब्रिटनमधील स्त्री-डॉक्टरांचा मध्यवर्ती संघहि १९१७ चाच. युद्धभूमीवर रुग्णालयें चालविलेल्या व तरीहि आपल्याच सरकारच्या दरबारीं उपऱ्या ठरलेल्या स्त्रियांस राष्ट्राराष्ट्रांची एकी हवीशी वाटली, यांत नवल नाहीं.

परंतु युद्ध हें निमित्त. कारण त्याहून जुनें आहे. एकोणिसाव्या शतकांत वैद्यकाचें शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्या स्त्रीस बहुधा स्वदेश सोडावा लागे. रशियाच्या नादेझ्दा सुस्लोव्हा यांस डॉक्टरची पदवी १८६७ सालीं मिळाली ती झुरिक येथें. एडिंबरो विद्यापीठानें १८६९ त सात स्त्रियांस प्रवेश दिला खरा, पण पदवी देण्याचें नाकारलें, आणि १८७३ त न्यायालयानेंहि विद्यापीठाचीच बाजू उचलून धरली. त्या सातांपैकीं सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या खटपटीनें १८७४ त लंडन येथें स्त्रियांची वैद्यकीय शाळा निघाली. दुसऱ्या एडिथ पीची यांनीं बर्न येथें पदवी घेतली व १८८३ त मुंबईस येऊन पुढें त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. फिलाडेल्फियाचें विमेन्स मेडिकल कॉलेज तर १८५० सालींच स्थापन झालें होतें. केवळ स्त्रियांस वैद्यकाची पदवी देण्याकरितां निघालेल्या जगांतील पहिल्या संस्थांपैकीं ती एक होय. तिच्या विद्यार्थिनींना १८६९ सालीं पेनसिल्व्हेनिया रुग्णालयांतील व्याख्यानास गेल्या असतां पुरुष विद्यार्थ्यांची हुल्लड सोसावी लागली. सारांश, घरचीं दारें बंद म्हणून ज्या चार-दोन ठिकाणीं दार उघडें होतें तेथें नाना देशांच्या स्त्रिया जमल्या, आणि आंतरराष्ट्रीयत्व त्यांच्या वांट्यास ठराव होण्यापूर्वींच आलें.

याचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे वर उल्लेखिलेलें छायाचित्र. तें १० ऑक्टोबर १८८५ रोजीं कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांच्याकडील समारंभाच्या वेळीं काढलेलें आहे. त्यांत आपापल्या देशाच्या पोषाखांत तिघी बसल्या आहेत : डावीकडे आनंदीबाई जोशी, मध्यें जपानच्या केइ ओकामी व उजवीकडे दमास्कसच्या साबात इस्लाम्बूली. चित्राखालील मजकूर मात्र पारखून घेतला पाहिजे. त्यांत तिघींसहि डॉक्टर म्हटलें आहे. पण आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजीं, ओकामींना १८८९ त व इस्लाम्बूलींना १८९० त. अर्थात् तो मजकूर चित्रसमकालीन नसून मागाहून घातलेला आहे. साबात या नांवाचें त्यांत ताबात झालें आहे, तोहि लेखनदोषच. त्याचप्रमाणें तिघी आपापल्या देशांतील पहिल्या स्त्री-डॉक्टर, हें विधान सरसकट करणें बरें नव्हे. जपानांत ओगिनो गिन्को यांस वैद्यकीचा परवाना १८८५ सालींच मिळालेला होता. ओकामींचें पहिलेपण पाश्चात्त्य विद्यापीठाच्या पदवीपुरतें मानावें. बंगालच्या कादंबिनी गांगुली यांनींहि वैद्यकीय शिक्षण १८८६ सालींच पुरें केलें, हेंहि ध्यानांत ठेवावें. पहिलेपणाचा वाद गौण आहे. तीन दूरदेशच्या स्त्रिया एका छपराखालीं एकच विद्या शिकत होत्या, हें या चित्राचें खरें मोल.

मग १८८५ सालींच संघ कां झाला नाहीं ? त्या तिघींचें पुढील चरित्र याचें उत्तर देतें. आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. डॉ. बॉडली १८८८ त वारल्या. ओकामींनीं टोकिओंत जिकेइ रुग्णालयांत काम केलें, पण स्त्री म्हणून बादशहानें त्यांची भेट नाकारल्यावर त्यांनीं तें पद सोडलें, असें सांगतात. प्रत्येकीस मायदेशीं एकटीनेंच झुंजावें लागलें. त्यांचा परस्परांशीं जो बंध होता तो गुरु-शिष्येचा व स्नेहाचा. व्यक्तीबरोबर तो सरला. १९१९ च्या संघानें नवें दिलें तें हेंच : अध्यक्ष, कार्यवाह, वर्गणी, ठराव व नियमित बैठक, म्हणजे एक व्यक्ति गेली तरी न तुटणारा धागा.

महाराष्ट्रांतहि हीच क्रिया सूक्ष्म रूपानें दिसते. नांदावयास जाण्याविषयींचा खटला १८८४ पासून लढविलेल्या रखमाबाईंना लंडनच्या शाळेंत जाण्यास एडिथ पीची यांचें साह्य झालें. १८९४ त त्या डॉक्टर होऊन आल्या व सुरत, राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाल रुग्णसेवा केली. येथेंहि बंध दोन व्यक्तींचाच. इ. स. १९०७ त हिंदुस्थानांतील स्त्री-डॉक्टरांचा संघ निघाला. बेने इस्रायल समाजांतील डॉ. जेरुशा झिराड यांनीं १९१९ सालींच लंडन येथें एम. डी. पदवी घेतली, १९२८ ते १९४७ कामा रुग्णालयाची धुरा वाहून त्यांनीं पुढें या संघाचें अध्यक्षपदहि स्वीकारलें. पीचींच्या खुर्चीवर अशा रीतीनें येथलीच स्त्री बसली.

आतां आमच्या वाचकांस एक विज्ञप्ति. फिलाडेल्फियाच्या कॉलेजांत १९७० पासून पुरुषांसहि प्रवेश मिळूं लागला व पुढें तें दुसऱ्या संस्थांत विलीन झालें, तरी त्याचीं दप्तरें तेथील ड्रेक्सेल विद्यापीठांत सुरक्षित आहेत. आनंदीबाईंविषयींचे कागद तेथें पाहावयास मिळतात. संघानेंहि आपली शताब्दि २०१९ त न्यूयॉर्क येथेंच साजरी केली. आपल्याकडे बखरी, सनदा, महजर यांचा शोध कसोशीनें होतो; पण आजी-पणजी डॉक्टर असलेल्या घरांतील प्रमाणपत्रें, रुग्णांच्या नोंदवह्या, परदेशच्या मैत्रिणींचीं पत्रें व परिषदांचे कार्यक्रम-पत्रक रद्दींत जातात. आनंदीबाईंचा इतिहास आज सांगतां येतो तो कोणीतरी ते कागद जपले म्हणून. ज्यांचे जपले गेले नाहींत त्या स्त्रियांचें कर्तृत्व नव्हतेंच असें उद्यांचा अभ्यासक समजेल, आणि त्याचा दोष त्याच्याकडे जाणार नाहीं. संग्राहकांनीं जुनीं दप्तरें चाळतांना अशा कागदांवरहि दृष्टि ठेवावी, एवढेंच मागणें आहे.