जयपूर पाय आणि भूसुरुंगग्रस्तांचे पुनर्वसन

बालाघाट हा भातशेतीचा व जंगलाचा जिल्हा. १९९० नंतरच्या दशकात येथे नक्षलवादी हिंसाचार वाढला. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची हत्या झाली. पुढे गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभुरखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व वाहनचालक ठार झाले. इतिहास मृतांची नोंद घेतो. अपंग होऊन जगणाऱ्यांची क्वचितच घेतो.

अशांच्या पुनर्वसनाचे एक साधन भारतातच घडले. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी पाय तयार केला. विलायती पायाला बूट लागे. या पायाने अनवाणी चालता, उकिडवे बसता व शेतातील चिखलातही वावरता येई. पुढे तो अफगाणिस्तान, कंबोडियातील सुरुंगग्रस्तांपर्यंत पोहोचला.

१९९७ च्या ओटावा करारात सुरुंगग्रस्तांच्या साहाय्याची तरतूद आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. तथापि भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हक्क अपंगत्वामुळे मिळतो, मग ते स्फोटाने आलेले असो वा आजाराने. मात्र कृत्रिम पाय झिजतो, बदलावा लागतो. म्हणून ही सोय गावाजवळ असेल, तरच तो हक्क खरा ठरतो.