तुरंगलील की तुरंगलीला?

ऑलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकाराच्या गाजलेल्या सिंफनीचे नाव मराठीत लिहायचे झाले, तर हात आपोआप 'तुरंगलीला'कडे वळतो. पण फ्रेंच छपाईत हा शब्द नीट पाहावा. दीर्घ स्वराची टोपी (^) आहे ती फक्त 'ली'वर; शेवटचे अक्षर मोकळे आहे. 'ताल', 'राग', 'चंद्रकला' लिहिताना मेसियां प्रत्येक दीर्घ आकारावर टोपी घालतो. मग इथलाच शेवटचा स्वर ऱ्हस्व का?

उत्तर देवगिरीला सापडते. यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात १२० देशी तालांची यादी दिली. त्यातला एक 'तुरंगलील'. हा बहुव्रीही समास आहे: तुरंगाची लीला आहे ज्याची, असा ताल. ताल पुल्लिंगी, म्हणून 'लीला'चे 'लील' झाले. यादीत गजलील, हंसलील, सिंहलील अशी भावंडेही आहेत. त्यांच्याकडे पाहता 'लीला'चा अर्थ इथे डौलदार चाल एवढाच असावा.

तुरंग हा शब्दही पाहण्यासारखा आहे. 'तुर' म्हणजे वेगवान, त्याला 'गम्' जोडला की तुरग, तुरंग, तुरंगम. आपली 'त्वरा' आणि 'तूर्त' याच गोत्रातली दिसतात. घोड्याला संस्कृतात अश्व आहेच, तोच फारसीत 'अस्प' होऊन लोहरास्प, जामास्प या पारशी नावांत टिकला आहे. 'घोटक', म्हणजे आपला घोडा, हा मात्र द्राविडी शेजारातून आला असावा. तुरंगाच्या घडणीचे आणखी दोन शब्द आहेत, भुजंग आणि विहंग. मेसियां आयुष्यभर रानोमाळ हिंडून पक्ष्यांची गाणी टिपत असे, म्हणून 'विहंग' इथे भेटला याचा मला विशेष आनंद वाटतो.

'तुरुंग' मात्र या कुळातला नव्हे. तो पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आलेला दिसतो. तरी तोही इथे आठवतोच. १९४० मध्ये मेसियां जर्मनांच्या हाती सापडला आणि ग्योर्लित्सच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने 'काळाच्या अंतासाठी चौकडी' पूर्ण केली. १५ जानेवारी १९४१ रोजी ती तिथेच वाजली. तिच्या पहिल्या भागात पियानो शार्ङ्गदेवाचे तीन ताल एकापुढे एक लावतो: रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश. मिळून १७ कालमाने होतात आणि ती पुन्हा पुन्हा फिरतात. स्वरसंघ मात्र २९. सतरा आणि एकोणतीस यांचा मेळ ४९३ आघातांनंतरच बसायचा, आणि संगीत त्याच्या फार आधी थांबते.

हे ताल पॅरिसला पोचले कसे? लाव्हिन्याकच्या संगीतकोशात जोआनी ग्रोसे या संस्कृतज्ञाने भारतावर लेख लिहिला होता. त्यातली तालांची यादी मेसियांला मिळाली. 'देशी'चा अर्थ त्याने 'प्रांतोप्रांतीचे' असा घेतला. शार्ङ्गदेवाच्या परंपरेत 'देशी'चा जोडीदार 'मार्ग' आहे: मार्ग म्हणजे शास्त्राने ठरवलेले, देशी म्हणजे ज्या त्या मुलखातल्या लोकांना रुचणारे. तेव्हा मेसियांचा अर्थ फारसा चुकला नाही. शार्ङ्गदेव स्वतः 'श्रीकरण' म्हणजे हिशेबाच्या खात्यात होता. पुढे हेमाद्रीही श्रीकरणाधिप झाला. नंतरच्या राजवटीत फारसी 'फर्दनवीस' आला आणि त्याचा आपण 'फडणीस' केला. मात्रांचा इतका काटेकोर जमाखर्च हिशेबनिसाने मांडावा, हे मला शोभणारे वाटते.

सिंफनीसाठी हा शब्द घेताना मेसियांने त्याची फोड स्वतःच्या पद्धतीने केली. तुरंग म्हणजे घोड्यासारखा धावणारा काळ, लीला म्हणजे सृष्टीच्या उत्पत्ती-लयाचा ईश्वरी खेळ, आणि प्रेमही. तालाच्या नावातली चाल अशी एकदम विश्वाएवढी झाली. हा अर्थ ओढूनताणून आणलेला मात्र म्हणता येत नाही. यादवकाळातच महानुभावांनी चक्रधरांच्या एकेका प्रसंगाला 'लीळा' म्हटले होते. घोड्याची चाल आणि ईश्वराचे चरित्र हे दोन्ही अर्थ तेव्हा शेजारी नांदत होते, असे दिसते.

ही सिंफनी १९४६ ते १९४८ मध्ये रचली गेली आणि २ डिसेंबर १९४९ रोजी लेनर्ड बर्नस्टाइन यांनी ती बोस्टनला प्रथम सादर केली. दहा भागांपैकी तिसरा, सातवा आणि नववा यांची नावेच 'तुरंगलील' आहेत. नवव्यात तर तालवाद्यांवरच्या लयींचा खेळ प्रधान आहे. म्हणजे मोठा अर्थ देऊनही मेसियां तालाला विसरलेला नाही.

म्हणून माझे मत असे, की मराठीत हे नाव 'तुरंगलील' असेच लिहावे. तो शब्द देवगिरीचा आहे आणि तिथे तो पुल्लिंगीच होता.