सुरतेच्या जकातघरातील एक प्रश्न

सुरत हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर १६६४ सालचा जानेवारी महिना उभा राहतो. शिवाजी महाराजांची स्वारी, किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान आणि वीरजी व्होऱ्यासारख्या सावकारांच्या वाड्यांतून बाहेर पडलेली संपत्ती, एवढ्यातच आपली सुरत बहुधा आटोपते. आज मला ज्या सुरतेविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत, ती या स्वारीच्या ४१ वर्षे आधीची. त्या वेळी ते नुसते श्रीमंत बंदर नव्हते. निरनिराळ्या धर्मांची, निरनिराळ्या रीतिभातींची माणसे जेथे एका गलबतातून उतरत, एका ओळीत झडतीला उभी राहत आणि मग एकमेकांच्या घरी जेवावयास जात, असे ते ठिकाण होते. मक्केला जाणारा यात्रेकरू तेथूनच जहाजात चढत असे. अशा जागी माणसे केवळ कापसाच्या आणि निळीच्या भावाविषयी बोलत नाहीत. तुमचा देव कोणता, तुमची बायको कोण, तुम्ही लग्ने कशी लावता, असे प्रश्न प्रवासात आपोआप निघतात. घरच्या चौकटीत ते विचारण्याची सोय नसते.

१६२३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात 'व्हेल' नावाच्या इंग्रजी जहाजातून पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक रोमन सरदार सुरतेस उतरला. त्याच्याबरोबर जॉर्जियाची एक कोवळ्या वयाची अनाथ मुलगी होती आणि कपड्यांखाली दडविलेली एक पेटी होती. त्या पेटीत त्याच्या मृत पत्नीचे शव होते.

हे ऐकून कोणाला अद्भुत कादंबरीची आठवण होईल; परंतु हकीकत खरी आहे आणि ती देल्ला वाल्लेने आपल्या नेपल्सच्या मित्राला, मारियो स्किपानो या वैद्याला, लिहिलेल्या लांबलचक पत्रांतून आली आहे. हा गृहस्थ १५८६ साली रोममध्ये जन्मला. प्रेमभंग झाल्यामुळे जीव देण्याच्या गोष्टी बोलू लागला, तेव्हा स्किपानोनेच त्याला पूर्वेकडील यात्रेचा मार्ग दाखविला. १६१४ साली तो व्हेनिसहून निघाला. कॉन्स्टँटिनोपल, ईजिप्त, जेरुसलेम असे करीत तो अलेप्पोस आला आणि तेथून बगदादकडे जाणाऱ्या काफिल्यात सामील झाला. या वाळवंटातील मजलांत एका सहप्रवाशाने त्याला बगदादमधील मानी जोएरिदा नावाच्या ख्रिस्ती मुलीचे वर्णन ऐकविले. न पाहिलेल्या मुलीवर देल्ला वाल्लेचे मन बसले. नलाने दमयंतीचे गुण हंसाच्या तोंडून ऐकले, हे आपल्याला ठाऊकच आहे. येथे हंसाचे काम काफिल्यातल्या सोबत्याने केले, एवढेच. १६१६ साली बगदादमध्ये त्यांचे लग्न झाले. मानीचे घराणे पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचे, तर हा रोमन कॅथलिक. एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्या या दोन पंथांतील अंतर त्या काळी किती मोठे होते, हे शैववैष्णवांचे तंटे ज्यांनी वाचले आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

पुढे ते दोघे इराणात शहा अब्बासच्या दरबारी राहिले. तेथेच तिनतिन ही जॉर्जियन पोर त्यांच्या घरी वाढू लागली. देल्ला वाल्ले तिला लाडाने मारिउच्चा म्हणे. होर्मुझच्या आखातावर इंग्रज आणि इराणी मिळून पोर्तुगीजांशी लढत होते, त्या धामधुमीत, १६२१ च्या डिसेंबरअखेर, गर्भपातानंतरच्या तापाने मानी वारली. परक्या भूमीत तिला पुरावयाचे नाही असा निश्चय करून नवऱ्याने कापूर घालून तिचे शव टिकविले आणि रोमची वाट धरली. ती वाट हिंदुस्थानावरून गेली.

आता सुरतेचे जकातघर. तेथील झडती फार कडक, असे त्याने लिहून ठेवले आहे. या झडतीतच एक गोष्ट घडली. जहाजातून एक अविवाहित परदेशी मुलगी उतरली आहे, हे कळताच जकातीवरील मुसलमान अधिकाऱ्याने तिच्याविषयी चौकशी आरंभिली. ही कोण, कोणाबरोबर आली, तिला कोणी बळजबरीने तर आणले नाही ना, तिच्या बाबतीत काही अनुचित तर घडत नाही ना, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. देल्ला वाल्लेला या चौकशीचा राग आला नाही. उलट अशी विचारपूस होते हे त्याला चांगल्या राज्यव्यवस्थेचे लक्षण वाटले.

मला या प्रसंगाचे महत्त्व फार वाटते. तिचा धर्म कोणता, हा त्या चौकशीचा विषय नव्हता. ती खुशीने आली आहे की नाही, हा होता.

याचा अर्थ जहांगीर बादशहाच्या अमलात स्त्री स्वतंत्र होती असा कोणी काढू नये. याच पत्रांत देल्ला वाल्ले सांगतो की सुरतेत नोकराला महिना ३ रुपयांहून अधिक पडत नाहीत आणि गुलाम तर विपुल व स्वस्त आहेत. त्या गुलामांत स्त्रियाही होत्या आणि त्यांच्या खुशीची चौकशी कोणी करीत नव्हते. शिवाय मारिउच्चा वाढली होती देल्ला वाल्लेच्याच घरात. त्याच्यावाचून तिला जगात कोणी नव्हते. अशा मुलीने खुशीने आले असे म्हटले, तरी त्या खुशीचे मोल किती धरावयाचे? अधिकाऱ्याचा प्रश्न योग्य होता. पण तो ज्या परिस्थितीत विचारला गेला, ती त्याच्या हातची नव्हती.

धर्माच्या बाबतीत मात्र सुरतेतील मोकळीक पाहून हा कॅथलिक प्रवासी खरोखर चकित झालेला दिसतो. बादशहा मुसलमान असून हिंदू आणि मुसलमान यांच्यात भेद करीत नाही, दोघेही शेजारी शेजारी सुखाने राहतात, असे तो लिहितो. गोपी तलावाच्या घेराचे त्याला कौतुक वाटले. गावाबाहेरच्या एका प्रचंड वडाखाली पार्वतीची पूजा होते, तिला विडा वाहतात, हेही त्याने जवळ जाऊन पाहिले. पुढे खंबायतेस त्याला पोर्तुगीज बोलणारा एक ब्राह्मण भेटला. त्याने ब्रह्मदेव आणि ग्रीकांचा पायथागोरस हे दोघे एकच, असे सांगून पाहुण्याची करमणूक केली! देल्ला वाल्लेला हे पटले नाही. तथापि त्याने ते नीट टिपून ठेवले. दुसऱ्याच्या श्रद्धेला हसूनही तिची टाचणे करणारा हा प्रवासी मला आवडतो. हसून विसरणारे पुष्कळ होते.

सुरतेत उतरावयाचे कोणाकडे, हाही एक नाजूक प्रश्न होऊन बसला. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख थॉमस रॅस्टेल त्याला आग्रहाने बोलावीत होता. परंतु इंग्रजांच्या वखारीत स्त्री नव्हती. त्या वखारीचे राहणे एखाद्या मठासारखे: एकत्र जेवण, एकत्र प्रार्थना आणि बायका सातासमुद्रापलीकडे. १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशाने लिहिले आहे की हे इंग्रज दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर एकत्र बसत आणि विलायतेतील आपापल्या बायकांच्या नावाने मद्याचे पेले रिकामे करीत. यातील विनोद बाजूला ठेवला तरी त्या शुक्रवारांचे एकाकीपण लपत नाही.

डचांची रीत अगदी निराळी होती. त्यांना पूर्वेकडे नुसता व्यापार करावयाचा नव्हता, वस्ती करावयाची होती. त्यामुळे त्यांच्या माणसांना येथे लग्ने करण्याची मुभा होती. आर्मेनियन, सुरियानी किंवा हिंदुस्थानी, कोणत्याही जातीची बायको चाले. ती ख्रिस्ती असावी किंवा व्हावी, एवढीच अट. डचांचा सुरतेतील प्रमुख पीटर व्हान डेन ब्रुक याच्या मंडळींतच त्यामुळे मारिउच्चाची सोय लागली, आणि ती लागली दोना लुसिया नावाच्या पोर्तुगीज स्त्रीच्या घरी.

या लुसियाची कहाणी स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. पोर्तुगालचा राजा दरवर्षी काही अनाथ, कुलीन मुली लिस्बनहून हिंदुस्थानात पाठवीत असे. येथील पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी त्यांची लग्ने लावून द्यावयाची, असा तो प्रघात. 'राजाच्या अनाथ मुली' हेच त्यांचे नाव. अशा काही मुलींना घेऊन येणारे जहाज डचांनी वाटेत पकडले. लुटीच्या मालाबरोबर मुलीही डचांच्या हाती आल्या आणि त्यांच्याशी लग्न करण्यासाठी बड्या व्यापाऱ्यांत चढाओढ लागली. लुसिया अशा रीतीने एका सधन डचाची पत्नी होऊन सुरतेस राहिली होती. नवरा प्रॉटेस्टंट, ती कॅथलिक. चारचौघांत ती नवऱ्याच्या पंथाप्रमाणे वागे आणि घरात, नवऱ्याला ठाऊक असताना, आपल्या जुन्या धर्माप्रमाणे प्रार्थना करी.

लिस्बनमध्ये राजाने तिचे लग्न कोठे व्हावे हे ठरविले, समुद्रावर शत्रूने ते बदलले. तिच्या हाती उरला तो फक्त देवघराचा कोपरा, आणि तो तिने सोडला नाही. देल्ला वाल्ले एरवी पंथाच्या बाबतीत कडवा होता. पण लुसियाच्या या दुहेरी वागण्याला तो दोष देत नाही. तिच्या घरचा पाहुणचार घेतल्यावर त्याला तसे लिहिणे जड गेले असावे, असा माझा तर्क आहे.

यानंतरचा प्रवास दमणहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याकडे झाला. १६२३ च्या एप्रिलात तो गोव्यास पोचला. स्वधर्मीयांचे राज्य, जागोजागी देवळे, घंटांचे आवाज: आपण घरी आलो असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. पण मुसलमानांच्या सुरतेत जे कोणी केले नव्हते ते येथे घडले. लग्न न झालेली मुलगी एका विधुर पुरुषाच्या छपराखाली राहते, ही गोष्ट गोव्यातील पाद्री मंडळींना चालण्यासारखी नव्हती. मारिउच्चाला लेना द कुन्या नावाच्या पोर्तुगीज बाईच्या घरी ठेवावे लागले. सुरतेत मुलीवर जुलूम होत नाही ना हे पाहिले गेले होते. गोव्यात लोक काय म्हणतील हे पाहिले गेले. बोलवण दोन्हीकडे नीतीचीच होती. ज्या गोव्यात हा सोवळेपणा चालला होता तेथील पोर्तुगीजांच्या घरांत गुलाम स्त्रियांची स्थिती काय होती, हे गोव्याच्या इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तो पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाकडे निघाला. सोबत नायकाचा वकील विठ्ठल शेणवी हा ब्राह्मण होता. गेरसप्प्यावरून घाट चढून मंडळी वर गेली. इक्केरीच्या रस्त्यात एका संध्याकाळी देल्ला वाल्लेला घोड्यावर बसून मिरवत चाललेली एक स्त्री दिसली. एका हातात आरसा, दुसऱ्यात लिंबू. तिचे नाव जक्कम्मा. तिचा नवरा नगारजी होता, तो वारून १९ दिवस झाले होते आणि ती सती जाणार होती.

चार दिवसांनी देल्ला वाल्ले तिच्या घरी गेला. दुभाष्यामार्फत दोघांचे बोलणे झाले. ती हसतमुखाने बोलत होती. तिला लहान मुले होती. त्यांचे काय, असे त्याने विचारले. त्यांना मामाकाकांच्या आणि सवतींच्या स्वाधीन केले आहे, असे उत्तर मिळाले. दोन वडील सवती मुलांचे कारण सांगून मागे राहिल्या होत्या. मग त्याने तो प्रश्न विचारला: तू आपखुशीने मरतेस का? होय, मला कोणी भाग पाडलेले नाही, असे ती म्हणाली. त्याने जमलेल्यांनाही विचारले, बळजबरी कधी होते का? त्यांनी प्रांजळपणे सांगितले की सामान्य लोकांत होत नाही. पण मोठ्या घराण्यात विधवा तरुण आणि देखणी असली, ती पुन्हा लग्न करील किंवा तिचे पाऊल वाकडे पडेल अशी धास्ती असली, तर नातलग अब्रूसाठी तसे करतातही.

सतीच्या प्रथेवर परदेशी लोकांनी ढिगाने लिहिले आहे. बहुतेकांनी ज्वाला पाहिल्या आणि लिहिले. तिच्या ओसरीवर बसून तिला विचारणारे थोडे. आणि त्या उत्तरात प्रथेचे मूळ किती उघडपणे आले आहे! परलोक, पातिव्रत्य हे सारे वर; तळाशी विधवेच्या तारुण्याची भीती. थेऊरला १७७२ साली सती गेलेल्या रमाबाईंपुढे आपण हात जोडतो, ते जोडावेत. पण इक्केरीच्या त्या लोकांनी परक्यापाशी जे कबूल केले तेही मराठी माणसाने ऐकून ठेवावे.

देल्ला वाल्लेने जक्कम्मावर तीन सुनीते रचली. तिला वाचविणे त्याच्या हाती नव्हते. सुरतेतल्या अधिकाऱ्याचा प्रश्न आठ-नऊ महिन्यांनी त्याच्याच तोंडी आला, हे मात्र त्याच्या ध्यानात आल्याचे दिसत नाही.

१६२४ च्या नोव्हेंबरात त्याने गोवा सोडला आणि १६२६ साली तो रोमला पोचला. पेटी सुखरूप होती. १६२७ मध्ये आराचेलीच्या देवळात, आपल्या घराण्याच्या थडग्यात, त्याने मानीला पुरले. तिच्यावर भाषण करावयास उभा राहिला आणि रडू अनावर होऊन मध्येच थांबला. मारिउच्चाशी त्याने पुढे लग्न केले. त्यांना १४ मुले झाली. तो १६५२ साली वारला. हिंदुस्थानावरची त्याची पत्रे त्यानंतर ११ वर्षांनी, १६६३ साली, रोममध्ये छापून निघाली. त्यांत मारिउच्चा पानोपानी आहे; तिच्या हातची मात्र एकही ओळ नाही.