जायले गाडी होती

आजचा एपिसोड जरा घरचाच आहे.

मे २०२०. ई-पास गाडीच्या काचेला चिकटवलेला, मागे आई, बहीण आणि आजी, डिकीत मिक्सर अन् माझा मॉनिटर. बाबांची चिंचवडमधली नोकरी एप्रिलमध्येच गेली होती. पुण्यातलं भाडं परवडेना, म्हणून आम्ही अंजनगाव सुर्जीला निघालो. दर्यापूर सोडल्यावर सुकलेल्या गवतात बारीक रूळ दिसले. आजी म्हणाली, "जायले गाडी होती रे पोट्ट्या, वापस यायले गाडीच नाई."

ती गाडी म्हणजे शकुंतला. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३. रूळ फक्त अडीच फुटी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ही लाइन टाकली ती वऱ्हाडातल्या माणसांसाठी नाही, कापसासाठी. गठाणी मूर्तिजापूरला यायच्या, तिथे मोठ्या लाइनच्या डब्यात भरायच्या, पुढे मुंबई बंदर आणि विलायत. इंजिनसुद्धा १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं! ते १९९४पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. (देशातल्या बाकी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, ही मात्र खासगी मालकीचीच राहिली. त्यावर वेगळा एपिसोड करू.)

म्हणजे बघा, आधी कापूस गेला, मग त्याच रुळांवरून माणसं गेली. आमचे आजोबा १९७४ला एक ट्रंक घेऊन असेच मूर्तिजापूरला उतरले आणि मुंबईची गाडी धरली. "दोन वर्षांत येतो," असं सांगून.

बाबा आयुष्यभर म्हणायचे, रिटायर झालो की गावाकडे जाऊ. पण असं हात हलवत जायचं त्यांच्या मनात नव्हतं. पहिला महिनाभर ते घराबाहेरच पडले नाहीत. कोणी विचारलं तर "सुट्टीवर आलो" म्हणायचे. मी रात्री गच्चीवर रेंज शोधत कॉल घ्यायचो, लाइट गेली की हॉटस्पॉट.

सुरक्षित म्हणून आलो होतो ना? २२ फेब्रुवारी २०२१ला अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा लॉकडाऊन लागला. पुण्यातले मित्र फोन करून आमचीच चौकशी करू लागले.

२०२२मध्ये ऑफिसनं बोलावलं. मला वाटलं सगळेच परतू. बाबांनी तोवर चुलत्यांसोबत चार एकरांत तूर पेरली होती. म्हणाले, "तू जा."

त्यांनीच मला मोटारसायकलवर मूर्तिजापूरला सोडलं. गाडीला तासभर होता. छोट्या लाइनच्या फलाटाकडे बघत आम्ही चहा घेतला.