मुंबईकडे तोंड केलेले विमानतळ

नाशिकच्या ओझर विमानतळाविषयी एक मत आता इतके पक्के झाले आहे की त्याला कोणी पुरावाही मागत नाही. नाशिकला विमान टिकत नाही, इथे विमानाने फिरणारे लोक आहेतच किती, असे ते मत. जळगाव, कोल्हापूर, नांदेड, सोलापूर यांच्याबद्दलही थोड्याफार फरकाने हेच बोलले जाते. वर पुस्ती जोडलेली असतेच : ‘उडान’चे अनुदान संपले की विमानही उडून जाते.

पूर्वपक्ष दुबळा नाही, तेव्हा आधी तो पुरता मांडू. छोट्या शहरांना विमानाने जोडणारी केंद्र सरकारची ‘उडान’ योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली विमाने निघाली. त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. तासाभराच्या प्रवासासाठी ठरावीक आसने अडीच हजारांच्या आसपास विकायची, कंपनीला येणारी तूट तीन वर्षे भरून द्यायची आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला येऊ द्यायचे नाही, अशी तिची ढोबळ रचना. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये या योजनेचा हिशेब मांडला. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतले ५४ उरले होते. दिलेल्या मार्गांच्या शेकडा सात. हा आकडा तोंडावर फेकला की छोट्या शहराच्या विमानसेवेची बाजू घेणारा माणूस सहसा गप्प होतो.

गप्प होण्याचे कारण मला दिसत नाही. जे ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत, त्यांवर प्रवासी आहेत की नाहीत याची परीक्षा कधी झालीच नाही. कुठे धावपट्टी तयार नव्हती, कुठे कंपनीकडे विमान नव्हते, कुठे कंपनीच उरली नाही. न उघडलेल्या दुकानाला गिऱ्हाईक नव्हते, असे म्हणण्यात अर्थ काय? मुदत पूर्ण न केलेल्या २५९ मार्गांच्या आड कोविडची टाळेबंदी येते, जेट एअरवेज, ट्रूजेट, एअर डेक्कन या कंपन्यांचे बंद पडणे येते. उरतात पूर्ण मुदत चाललेले ११२ मार्ग. खरी परीक्षा झाली ती यांची, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे अनुदान थांबल्यावरही चालू राहिले. जे तीन वर्षे तगले ते मुळातच दणकट होते, असा आक्षेप यावर घेता येईल. तो मला मान्य आहे. पण मग प्रश्न असा होतो की काही मार्ग दणकट कशामुळे आणि काही तकलादू कशामुळे. ‘लोकच नाहीत’ या उत्तरात हा प्रश्न गडप होतो.

माझे उत्तर असे की आपण विमानाचे तोंड चुकीच्या दिशेला केले. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावाला विमानतळ मिळाला की पहिली मागणी ठरलेली : मुंबईचे विमान. आमदार, व्यापारी संघटना, वर्तमानपत्रे, सगळ्यांचे एकमत. मुंबई मार्ग मिळाला की शहराचा मान झाला आणि तो बंद पडला की शहर नापास.

नाशिक–मुंबईचेच पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने १९ आसनांच्या विमानाने ही सेवा सुरू केली. कधी आहे, कधी नाही अशी चालत ती बंद पडली. रस्त्याने हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. ओझर शहरापासून वीसेक किलोमीटर लांब; तिथे तासभर आधी पोचायचे, मुंबईत उतरल्यावर सामान घेऊन पुन्हा वाहनांच्या गर्दीत शिरायचे. तोवर सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघालेल्या पंचवटी एक्स्प्रेसमधला पासधारक दादरला उतरायच्या बेतात असतो. कंपनीच्या बाजूनेही हा आतबट्ट्याचाच व्यवहार. विमान सर्वांत जास्त इंधन पिते ते वर चढताना, आणि इथे ते पुरेसे वर जाते न जाते तोच उतरायला लागते. उतरण्याचे शुल्क, जमिनीवरचा वेळ, चाकांची आणि इंजिनांची झीज हा खर्च फेरीमागे बसतो. अंतर कमी झाले म्हणून तो कमी होत नाही.

याहून मोठी अडचण मुंबईच्या टोकाला आहे. तिथल्या सांताक्रूझ विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीवरूनच वाहतूक चालते. तिथला प्रत्येक स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, सोन्याच्या भावाचा. १९ आसनांच्या विमानाला तो दिला की १८० आसनांच्या विमानाला नाकारावा लागतो. कोणता विमानतळचालक हे खुशीने करील? मग छोट्या शहराच्या वाट्याला उरलीसुरली वेळ येते. भर दुपारी मुंबईत उतरणाऱ्या माणसाचे त्या दिवशी काम होत नाही, मुक्काम पडतो आणि पुढच्या वेळी तो रात्रीची बस पकडतो. आसने रिकामी जातात. निष्कर्ष काय निघतो? नाशिकला प्रवासी नाहीत.

त्याच ओझरहून जून २०१८ मध्ये जेटचे दिल्लीला जाणारे बोइंग सुरू झाले होते. ओझरची धावपट्टी तीन किलोमीटरची, लढाऊ विमानांच्या कारखान्यासाठी बांधलेली. मोठ्या विमानाची तिथे अडचण नाही. आठवड्यातून तीनच दिवसांची ती सेवा एप्रिल २०१९ मध्ये थांबली, कारण जेट कंपनीच थांबली. दिल्लीला जाणारा नाशिककर काही त्या दिवशी नाहीसा झाला नाही. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी दिल्ली पुन्हा जोडली. मार्च २०२३ पासून इंडिगोने अहमदाबाद, गोवा, नागपूर आणि नंतर हैदराबाद, इंदूर असे मार्ग घेतले. या यादीत मुंबई नाही, हे आपल्या लक्षातही येत नाही.

लोक कुठे जातात हे कळायला सल्लागार नेमावा लागत नाही, रेल्वेचे वेळापत्रक पुरते. कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस कित्येक वर्षे धावते आहे. बालाजीचे दर्शन घेऊन अंबाबाईला यायचे ही दाक्षिणात्य भाविकांची रीत, नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून तिरुपती आणि हैदराबादला विमाने सुरू झाली तेव्हा कंपन्यांना नवा प्रवासी घडवावा लागला नाही. दिवसभर गाडीत बसणाऱ्यांपैकी थोडे उचलायचे होते. नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्स्प्रेस जाते; तिथले विमानही पंजाबकडे, हैदराबादकडे आणि बंगळुरूकडे पाहते. शिर्डीच्या काकडी विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ ला झाले, आणि त्याला भरभराट दिली ती हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, दिल्लीच्या साईभक्तांनी. काकडी हे गाव विमानाने फिरणाऱ्यांचे म्हणून कोणाला ठाऊक होते? विमानतळाला गावातले श्रीमंत मोजून भागत नाही, गावाला येणारे लोकही मोजावे लागतात.

माझ्या म्हणण्याला छेद देणारे एक उदाहरण आहे आणि ते टाळणे बरे नव्हे. सिंधुदुर्गातले चिपी. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथून मुंबईचे विमान सुरू झाले आणि दिशा अगदी बरोबर होती. सिंधुदुर्गाचे अर्धे आयुष्य मुंबईशी बांधलेले. तरी उडानची मुदत सरताच, २०२४ मध्ये, ते थांबले. जानेवारी २०२३ पासून गोव्याचे मोपा चालू झाले होते. सावंतवाडी–बांद्याच्या माणसाला ते जवळ, आणि तिथे कंपन्यांची व वेळांची निवड मोठी. शिवाय चाकरमान्यांची गर्दी गणपती-शिमग्याची, बारमाही नव्हे. तेव्हा दिशा बरोबर असली तरी शेजारी मोठा विमानतळ उभा राहिला की छोटा अडचणीत येतो, ही मर्यादा मान्य करायला हवी. पण इथेसुद्धा प्रवासी होते, हे विसरू नये. ते मोपावर गेले.

आता सोलापूर. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, विमान यायला जून २०२५ उजाडला आणि पहिले विमान गोव्याला गेले. गावात कुरकुर झाली की मुंबई कुठे आहे. मग राज्य सरकारने मुंबई मार्गाची तूट भरून देण्याचे ठरवले आणि त्या ऑक्टोबरात मुंबईचे विमानही आले. सोलापूर–मुंबई अंतर चारशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे नाशिकइतका हा हट्ट अवाजवी नाही. पण तिथे गाठ सिद्धेश्वर एक्स्प्रेसशी आहे. रात्री झोपायचे, सकाळी मुंबईत काम, पुन्हा रात्रीची गाडी. रोज सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणणारे विमान असेल तरच तो प्रवासी हलेल. हैदराबाद आणि तिरुपतीकडे मात्र सोलापूरचा माणूस आजही तासन्‌तास रस्त्याने जातो. सरकारी तूटभरपाईचा काही भाग त्या दिशेला वळवून पाहिल्याखेरीज सोलापुरात विमानाचे प्रवासी किती, याचा निकाल देऊ नये.